‘नौदलाने फक्त घड्याळं दिली’ म्हणणाऱ्या जीपीएसच्या फॉरवर्डबद्दल

ग्रुपाग्रुपांत फिरणाऱ्या मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: जीपीएस अमेरिकी हवाईदलाने बनवलं, 1973 मध्ये पेंटागॉनच्या एका बैठकीत ते जन्माला आलं, नौदलाच्या प्रयोगशाळेने ‘फक्त घड्याळं’ पुरवली आणि आइन्स्टाइनची दुरुस्ती (सापेक्षतेमुळे उपग्रहातलं घड्याळ जमिनीवरच्यापेक्षा वेगळ्या गतीने चालतं, तो फरक भरून काढणारी) उपग्रह चुकायला लागल्यावर सुचली.

बैठक खरी आहे. सप्टेंबर 1973, लेबर डेची सुट्टी, पुढाकार हवाईदलाच्या कर्नल ब्रॅडफर्ड पार्किन्सन यांचा. पण तोवर नौदलाच्या याच प्रयोगशाळेचे, वॉशिंग्टनच्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीचे, दोन उपग्रह वर जाऊन चार-सहा वर्षं झाली होती: टायमेशन-1, 31 मे 1967 आणि टायमेशन-2, 30 सप्टेंबर 1969. तिथल्या रॉजर ईस्टन यांनी टायमेशनची, म्हणजे उपग्रहातल्या घड्याळाच्या वेळेवरून अंतर काढायची कल्पना 1964 मध्येच मांडली होती. त्याच वर्षी प्रयोगशाळेजवळच्या, वाहतुकीला अजून न खुल्या झालेल्या महामार्गावरून ट्रान्समीटर ठेवलेली गाडी पळवून तिचं अंतर मोजून पाहिलं. पेटंटचा अर्ज 1970 चा. बैठकीत जन्म नाही, फार तर बारसं झालं.

(नौदलाची ‘ट्रान्झिट’ ही जुनी प्रणाली वेगळी. ती जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेची, डॉप्लरवर (उपग्रह जवळ येताना-दूर जाताना संदेशाची वारंवारता बदलते त्यावर) चालणारी. फॉरवर्डमध्ये दोन्हींची खिचडी झाली आहे.)

आता ते ‘फक्त’. रिसीव्हर अंतर मोजतो ते संदेश निघाल्याची आणि पोहोचल्याची वेळ वजा करून. प्रकाश एका मायक्रोसेकंदात 300 मीटर जातो, म्हणजे घड्याळ तेवढं चुकलं की अंतरही तेवढंच चुकतं. टायमेशनच्या पहिल्या दोन उपग्रहांत क्वार्ट्झ होतं. त्याची वारंवारता तापमानाने आणि अवकाशातल्या किरणोत्साराने सरकते. एक भागिले दहाचा अकरावा घात इतकीच चूक धरली तरी दिवसाला सुमारे 0.86 मायक्रोसेकंद, म्हणजे 260 मीटर. ती शंभरपट कमी केली की अडीच-तीन मीटर. म्हणून प्रयोगशाळेने 14 जुलै 1974 ला एनटीएस-1 या उपग्रहातून रुबिडियमची आणि 23 जून 1977 ला एनटीएस-2 मधून सीझियमची घड्याळं वर पाठवली. रिसीव्हरमध्ये स्वस्त क्वार्ट्झ चालतं, कारण स्थानाच्या तीन अज्ञातांसोबत त्याची चूक हे चौथं अज्ञात धरून चौथ्या उपग्रहावरून काढता येते. उपग्रहाच्या घड्याळाला ही सवलत नाही. कक्षा ठरवण्यातही नौदलाचा वाटा आहे. हवाईदलाच्या 621बी प्रकल्पाचा भर चोवीस तासांच्या उंच कक्षांवर होता, तर टायमेशनचा प्रस्ताव आठ तासांच्या मध्यम कक्षांचा. शेवटी बारा तासांची, सुमारे 20,200 किलोमीटर उंचीची कक्षा ठरली. म्हणजे मध्यम कक्षाच.

हवाईदलाचं श्रेय मात्र हिरावून घेऊ नये. सगळे उपग्रह एकाच वारंवारतेवर, आपापल्या वेगळ्या कोडमध्ये बोलतात ती संदेशपद्धत 621बीची. सगळं एकट्या ईस्टन यांचं म्हणणारेही म्हणूनच चुकतात.

आइन्स्टाइनचा मुद्दा तर साफ उलटा आहे. दुरुस्तीचा हिशोब आधीच झाला होता आणि एनटीएस-2 मध्ये ती चालू-बंद करायची सोयही ठेवली होती. सुरुवातीचे सुमारे 20 दिवस ती मुद्दाम बंद ठेवून घड्याळ पाहिलं. ते जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दहाच्या बाराव्या घातात 442.5 भाग पुढे पळत होतं. सिद्धांताचा आकडा होता 446.5. दिवसाला 38 मायक्रोसेकंद, अंतराच्या भाषेत 11 किलोमीटरहून जास्त. जीपीएसच्या नॅव्हस्टार मालिकेतला पहिला उपग्रह गेला 22 फेब्रुवारी 1978 ला, म्हणजे ही मोजणी झाल्यावर.

‘फक्त घड्याळं’ अजूनही पटत नसेल, तर भारताच्या स्वतःच्या स्थान-दिशादर्शन प्रणालीतल्या आयआरएनएसएस-1ए या उपग्रहाकडे पाहा. त्यातली तिन्ही रुबिडियम घड्याळं बंद पडली. उपग्रह जिवंत होता, संदेशही पाठवू शकत होता, पण स्थान काढायला तो निरुपयोगी ठरला. त्याच्या जागी 2018 मध्ये दुसरा पाठवावा लागला, आणि मे 2023 च्या एनव्हीएस-01 मध्ये इस्रोने स्वतः बनवलेलं रुबिडियम घड्याळ बसवलं.