पातेलं

सकाळपासून डोकं फिरलंय. आपल्यातल्याच एकाने, हो, मराठीच, काल आमच्या गल्लीत पोलीस बोलावले. का, तर शेजारच्या मेक्सिकन-अमेरिकन घराच्या अंगणात अकॉर्डियन वाजत होतं. दुपारी दोन वाजता! वर ग्रुपवर पराक्रम टाकला, ‘ह्या लोकांचा गोंगाट एकदाचा बंद केला.’ खाली सोळा अंगठे.

अहो, प्लेट सेल होता तो. मागच्या गल्लीतल्या एका मुलाच्या ऑपरेशनचं बिल भरायचंय. चार घरच्या बायका पहाटेपासून भात आणि बीन्स शिजवत होत्या, पुरुषमंडळी धुरात डोळे चोळत कोंबड्या भाजत होती. थर्माकोलच्या डब्यात कोंबडी, भात, बीन्स, तोर्तिया. दहा डॉलर. आपण वर्गणी काढतो, इथे जेवण विकतात. आणि जेवण आहे तिथे कोन्हुंतो, म्हणजे यांचं अकॉर्डियनवरचं संगीत, वाजणारच.

मॅकॅलनला येऊन अकरा वर्षं झाली मला. टेक्सासचं पार दक्षिण टोक, नदीपलीकडे मेक्सिकोचं रेनोसा. नाव रिओ ग्रान्दे व्हॅली, पण डोंगर औषधालाही नाही. डॅलसची मावसबहीण अजून विचारते, ‘बॉर्डरवर सेफ आहे ना गं?’ तिला मी पातेल्याची गोष्ट सांगते.

फेब्रुवारी २०२१. थंडीने अख्ख्या टेक्सासची दैना उडवली होती, आमची वीज गेलेली, शेगडीही विजेचीच. दुसऱ्या रात्री लेक तीन स्वेटर घालून कुडकुडत होती. दारावर थाप. शेजारच्या आजी. हातात टॉवेलात गुंडाळलेलं पातेलं, झाकणाला पोचा. अंगणात मेस्कीटच्या लाकडांवर शिजवलेले बीन्स. (मेस्कीट म्हणजे आपल्या वेड्या बाभळीची चुलत बहीण. जळते मात्र सोन्यासारखी.) म्हणाल्या, ‘सिन मान्तेका, मीहा.’ चरबी नाही घातली गं पोरी. आम्ही शाकाहारी आहोत हे मी कधीतरी कुंपणापलीकडून बोलले असेन. त्यांनी लक्षात ठेवलं होतं. मला तोवर त्यांचं नावही नीट म्हणता येत नव्हतं.

आणि त्या रात्री जाळाशेजारी बसून आजोबा वाजवत होते. बोटं कापलेले हातमोजे घालून. तोवर मलाही तो गोंगाटच वाटायचा, खोटं कशाला बोलू. पण त्या काळोखात नीट ऐकलं आणि वाटलं, अरे, ही तर आपली पेटी! तोच भाता, त्याच थरथरणाऱ्या पट्ट्या. पेटी फ्रान्समधून आली आणि आपण ती भजनाला बसवली. यांनी टेक्सासात वस्ती केलेल्या जर्मन-चेक लोकांचं अकॉर्डियन घेतलं, त्यांचा पोल्का नाच घेतला, आणि मेस्कीटच्या धुरात मुरवला.

कोन्हुंतोचा नावाजलेला अकॉर्डियनवाला नार्सिसो मार्तिनेस इथलाच. जन्म रेनोसाचा, वाढला अलीकडे. १९३६ साली पहिली रेकॉर्ड केली. डाव्या हाताचा खर्ज सरळ सोडून दिला, तो सांतियागो आल्मेइदाच्या बाहो सेक्स्तोवर, म्हणजे गिटारसारख्या बारा तारांच्या वाद्यावर, सोपवला आणि स्वतः उजव्या हाताने सूर उधळत सुटला. लोक त्याला व्हॅलीचं वादळ म्हणायचे. आणि हे वादळ पोटासाठी शेतात राबलं, ट्रक चालवले, ब्राउन्सव्हिलच्या प्राणिसंग्रहालयात नोकरी केली. १९८३ मध्ये देशाचा मोठा सन्मान मिळाला. याला गोंगाट म्हणायचं?

बरं, मान्य. रात्री अकरानंतर मलाही त्रास होतो. आणि अर्धी गाणी दारूची, उरलेली सोडून गेलेल्या बाईची. पण गणपतीत आपण पार्किंगमध्ये ढोल-ताशे बडवले तेव्हा कोणी पोलीस बोलावले होते का? हेच आजोबा घरून खुर्ची घेऊन आले होते. शेवटपर्यंत बसले, पायाने ठेका धरून. तेव्हा सोळा अंगठेवाले सगळे हजर होते. लाज वाटत नाही?

जाऊ दे. बीपी वाढेल.

रिकामं भांडं परत करू नये, आईचं वाक्य. म्हणून त्या थंडीनंतर पातेल्यात साबुदाण्याची खिचडी घालून दिली. आजींना ती चिकट लागली असणार, पण तोंड वाकडं न करता खाल्ली. नाताळात तेच पातेलं तमाले (मक्याच्या सालात गुंडाळून उकडलेलं सारणाचं मक्याचं पीठ) भरून आलं, बीन्सचे, सालाची गाठ मारून खूण केलेले, म्हणजे मांसाच्या तमाल्यांत मिसळू नयेत. तेव्हापासून ते ह्या घरातून त्या घरात फिरतंय. सध्या माझ्या ओट्यावर आहे, आणि त्यात काय घालून कुठल्या तोंडाने नेऊ ते कळत नाहीये. काल पोलीस येऊन गेल्यावर आजोबांनी अकॉर्डियनचा पट्टा लावला, ते खोक्यात ठेवलं, एक शब्द बोलले नाहीत. पोलीस बिचारा ओशाळला, जाताना दोन प्लेटा विकत घेऊन गेला. बाकीची गर्दी मात्र पांगली.

सात प्लेटा उरल्या, त्या मी घेतल्या. शाकाहारी घराच्या फ्रीजमध्ये सात कोंबड्या, सासूबाई फ्रीज उघडत नाहीयेत. ज्याने फोन केला त्याने येऊन घेऊन जा. दहा डॉलरला एक. सुट्टे आण.