चार जीबी रॅम आणि म्हणे कोडिंगला मस्त चालतो!

नाशिकच्या एम.जी. रोडवरच्या दुकानांत "इंजिनीअरिंगच्या पोराला कोडिंगसाठी हलका लॅपटॉप हवाय, रोज अप-डाऊन आहे" असं नुसतं म्हणून बघा. सेलेरॉन एन४०२० प्रोसेसर, चार जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज आणि वर विंडोज ११ असला डबा समोर येतो. "कोडिंगला मस्त चालतो," असं छातीठोक सांगून तो गळ्यात मारतात. निफाड-दिंडोरीकडच्या घरांनी पै-पै जमवलेला पैसा असतो हो तो! असं खोटं बोलायला जीभ रेटते तरी कशी?

लहान लॅपटॉपशी आपलं भांडण नाही. किलो-सव्वा किलोचं यंत्र पंचवटी एक्स्प्रेसच्या गर्दीत मांडीवर मावतं, ठक्कर बाजारहून पुण्याच्या बसमध्ये समोरची सीट मागे झुकली तरी उघडता येतं. प्रवासात काम करणाऱ्याला हेच माप हवं असतं. तळपायाची आग मस्तकात जाते ती त्या मापाच्या नावाखाली रॅम आणि डिस्कमध्ये केलेल्या कंजूषपणामुळे.

विंडोज ११ ची किमान अटच चार जीबी रॅम आणि ६४ जीबी स्टोरेज आहे. म्हणजे नुसती विंडोज चालू होण्यापुरतं सामान देऊन हे लोक त्याला कोडिंगचा लॅपटॉप म्हणतात. विंडोज आणि तिचा अँटीव्हायरस मिळून निम्म्याहून जास्त रॅम खातात, त्यात क्रोमचे चार टॅब उघडले की संपलं. वर व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर, जो स्वतःच आतून एक ब्राउझर आहे. टाइपस्क्रिप्ट भाषेतला प्रोजेक्ट उघडला की त्याच्या लँग्वेज सर्व्हरला, म्हणजे मागे बसून कोड तपासणाऱ्या प्रोग्रॅमला, मूळ सेटिंगमध्ये ३०७२ एमबीपर्यंत रॅम घ्यायची मुभा असते. अख्ख्या मशीनमध्ये चार जीबी, आणि एकटा हा तीन मागू शकतो! विंडोजमध्ये लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल-२ टाकलं तर तेही मूळ सेटिंगमध्ये निम्म्या रॅमपर्यंत हात घालतं. सोळा जीबीच्या मशीनवर बसून ही साधनं बनवणाऱ्यांनी एकदा तरी असल्या लॅपटॉपवर ती चालवून बघावीत.

रॅम संपली की विंडोज रॅममधला डेटा डिस्कवर टाकायला लागते, आणि तिथे बसलीय ईएमएमसी. दुकानदार तिलाही बिनदिक्कत "एसएसडी" म्हणतो. ती बोर्डावर सोल्डर केलेली मेमरी आहे, मोबाईलमधल्यासारखी. मोठी एकच फाईल ती बऱ्यापैकी वाचते, पण हजारो बारीक फायली लिहायच्या म्हटल्या की रडते. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडचं साधं काम घ्या: लागणारी पॅकेजेस उतरवणारी एनपीएम इन्स्टॉल ही कमांड म्हणजे हजारो बारक्या फायली, आणि त्यातली प्रत्येक अँटीव्हायरस तपासणार. माऊस अडकतो, टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं, पोराला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. ६४ मधले विंडोजला ५८-५९ जीबीच दिसतात. त्यातून तिची स्वतःची जागा आणि अपडेटची जागा वजा करा. मोबाईल अ‍ॅप बनवायच्या अँड्रॉइड स्टुडिओचा आणि त्याच्या एम्युलेटरचा विषयच काढू नका.

काही मॉडेल तर विंडोजच्या एस मोडमध्ये, म्हणजे फक्त स्टोअरमधली अ‍ॅप चालणाऱ्या प्रकारात, येतात. त्यात कमांड टाइप करायच्या कमांड प्रॉम्प्ट आणि पॉवरशेल या दोन्ही खिडक्या बंद! कोडिंगच्या लॅपटॉपवर कमांड प्रॉम्प्ट बंद! सेटिंग्ज, सिस्टीम, अ‍ॅक्टिव्हेशन इथून स्टोअरमध्ये जाऊन एस मोड फुकट काढता येतो, पण हे दुकानात कोण सांगतं?

प्रोसेसरवर मात्र कमी राग आहे. दोन कोअर, सहा वॅट, पंखा नाही, २.८ गिगाहर्ट्झ छापलेलं असलं तरी ते थोडा वेळ टिकतं. मे महिन्यात चाळीसच्या उन्हात एसटीच्या खिडकीशी कंपाइल लावलं की वेग घसरणारच.

ज्याच्या गळ्यात डबा पडलाच आहे, त्याने विंडोज उतरवावी. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घाला. आधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून वाय-फाय चालतं का ते बघा. मग झेडरॅम चालू करा, म्हणजे स्वॅप (रॅममधून बाहेर काढलेला डेटा) ईएमएमसीवर न जाता रॅममध्येच दाबून बसतो. अर्लीऊम टाका; रॅम संपत आली की ते सगळ्यात जड प्रोसेस मारतं, मशीन गोठत नाही. एडिटर जीनी किंवा व्हिम. सी++ बिल्ड करताना निन्जा हे बिल्डचं साधन दोन कोअरवर आपणहून तीन कामं लावतं, त्याला एकावर आणा, नाहीतर टेम्प्लेटनी भरलेल्या दोन-तीन फायली एकदम कंपाइल होताना रॅम फुटते. रस्टमध्ये कार्गो या बिल्डच्या साधनाचे जॉब्जही एकच ठेवा आणि डिबग माहिती बंद करा, लिंकिंग (कंपाइल झालेले तुकडे जोडणं) बरंच हलकं होतं.

जड काम घरच्या डेस्कटॉपवर टाकायचं असेल तर टेलस्केल या खासगी नेटवर्कवरून मॉश (दूरच्या मशीनचं टर्मिनल) आणि टीमक्स (तिथलं काम चालू ठेवणारं). दूरच्या मशीनला जोडणारा साधा एसएसएच इगतपुरी सोडून कसाऱ्याच्या घाटात गाडी बोगद्यांत शिरली की लटकतो. मॉश नेटवर्क परत आल्यावर आपोआप जोडला जातो. पण घाटातला वेळ बिननेटचाच धरा. नाशिकरोडला गाडीत चढण्याआधी पॅकेजेस उतरवून ठेवा, डॉक्युमेंटेशनसाठी झील हे अ‍ॅप ऑफलाइन भरून ठेवा.

हे सगळं जुगाड करावं लागतं ते फक्त चार जीबी रॅम वाचवल्यामुळे! तेच माप, तेच वजन, आत एन१०० सारखा चार कोअरचा प्रोसेसर, आठ जीबी रॅम आणि खरी एसएसडी असेल तर प्रवासात निवांत काम होतं. मिळतात असे, पण दुकानदार आधी पडून राहिलेला माल काढतो.

म्हणून बिल करण्याआधी खोक्यावरचं लेबल स्वतः वाचा. ६४ किंवा १२८ जीबी दिसलं तर ईएमएमसी आहे का ते थेट विचारा. शोपीसवर टास्क मॅनेजर उघडा, मेमरीवर क्लिक करा. फॉर्म फॅक्टरसमोर "रो ऑफ चिप्स" असेल तर रॅम सोल्डर केलेली आहे, वेगळा स्लॉट नसेल तर नंतर वाढणार नाही. "पुढे रॅम टाकून देऊ" असं तो म्हणत असेल तर तेच बिलावर लिहून मागा. आणि एसएसडी बसवायचा एम.२ स्लॉट आहे म्हणाला तर जुन्या संथ साटाचा की वेगवान एनव्हीएमईचा, ते मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय पैसे काढू नका.