मिंतुर्नायचा धूर

"पर्यावरणाचा कायदा रोमन लोकांकडेही होता," वकील म्हणाला, आणि कट्ट्यावरचा चहा तसाच निवत राहिला.

"कायदा कसला, शेजाऱ्यांची भांडणं होती ती," मास्तर म्हणाले.

मग वकिलाने मिंतुर्नायची गोष्ट सांगितली. रोम आणि नेपल्सच्या मधलं हे गाव. इ.स. 100 च्या आसपास तिथे एकाने नगराकडून जागा भाड्याने घेऊन चीजला धुरी द्यायचं दुकान घातलं. धूर वरच्या घरांत शिरायचा. अरिस्तो नावाच्या विधिज्ञाने मत दिलं: तसा हक्क आधी मिळवलेला नसेल तर वर धूर सोडता येणार नाही. आपल्या जागेत माणसाने हवं ते करावं, पण दुसऱ्याच्या हद्दीत काही जाता कामा नये. वरच्यानेही खाली पाणी सोडायचं नाही, आणि धूर हा पाण्यासारखाच.

धुराला पाण्याच्या पंगतीत बसवणं मला फार आवडलं. धूर हातात धरता येत नाही, तरी त्याने हद्द ओलांडली हे त्या माणसाने ओळखलं.

मास्तर मात्र अडून बसले. "हक्क मिळवला असेल तर चालेल, असंच ना? म्हणजे वरच्याला राजी केलं की सोडा खुशाल धूर. यात हवेची बाजू कोणी घेतली?"

यावर वकील जरा थांबला. मग म्हणाला, "पाण्याचं बघा. रोमच्या जलवाहिन्यांचा कारभार इ.स. 97 मध्ये फ्रोंतिनुसकडे आला. त्याने जुना नियम लिहून ठेवलाय: सार्वजनिक पाणी मुद्दाम घाण केलं तर दंड 10,000 सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी. इथे कुठे शेजारी आहे?"

"ते शहराला प्यायला हवं होतं म्हणून."

"मग काय झालं?" मी म्हटलं. माणसाला प्यायला हवं म्हणून का होईना, पाणी राखलं गेलं, हे मला थोडं वाटत नाही.

वकिलाने शेवटी रोमन सम्राट जस्टिनियनच्या इ.स. 533 च्या कायद्याच्या ग्रंथातलं वाक्य काढलं: हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि त्याचा किनारा निसर्गतःच सगळ्यांचे. बियास नदीचा प्रवाह वळवल्याच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये याच रोमन विचाराचा आधार घेतला.

"सगळ्यांचं म्हटलं की तक्रार कोण करणार?" मास्तरांनी विचारलं. "मिंतुर्नायला निदान वर राहणारा तरी होता."

"बियासच्या वेळी कोणी तक्रार घेऊन गेलंच नव्हतं," वकील म्हणाला. "वर्तमानपत्रातली बातमी वाचून न्यायालयाने स्वतःहून प्रकरण हाती घेतलं."