अडीच महिने कळलंच नाही

परवा फोनवर अन्ना, माझा थोरला भाऊ, म्हणाला, "दंगल पेटली की पहिलं नेट बंद करावं, बातम्याबी थांबवाव्यात. लोकं उगीच भडकतात." सोलापूरच्या पूर्व भागात, आमच्या घरी, बहुतेकांचं हेच मत. लिव्हरपूलला राहून मला ते मुळीच पटत नाही.

२९ जुलै २०२४ ला जवळच्याच साउथपोर्टला नाचाच्या वर्गात घुसून एकाने मुलींवर चाकू चालवला, तिघी गेल्या. पकडलेला मुलगा १७ वर्षांचा, म्हणून नाव छापायला कायद्याने बंदी. मग कुणीतरी एक खोटं मुसलमानी नाव सोडलं, 'गेल्या वर्षी बोटीतून आलेला निर्वासित आहे' अशी पुस्तीही जोडली. दुसऱ्याच संध्याकाळी तिथल्या मशिदीवर विटा पडल्या. १ ऑगस्टला न्यायाधीशांनी नाव उघड करू दिलं. मुलगा ब्रिटनमध्येच, कार्डिफला जन्मलेला निघाला, पण आग पसरली होती. ३ तारखेच्या रात्री लिव्हरपूलमध्ये वॉल्टनचं वाचनालय पेटवलं. त्या आठवड्यात ड्यूटीला जाताना मी ओळखपत्र कोटावर दिसेल असं लावायचे. नर्स आहे हे लांबून कळावं म्हणून.

"बघ, अफवेनंच झालं ना?" अन्ना म्हणतो. अफवेनंच. पण खरी बातमी वेळेवर आली असती तर अफवेला एवढी जागा मिळाली नसती. इथली बंदी निदान तीन दिवसांत, भर कोर्टात, कारण सांगून उठली.

मणिपुरात काय झालं? ३ मे २०२३ ला मैतेई आणि कुकी या दोन समाजांत हिंसाचार उसळला, पाठोपाठ नेट बंद. ४ मेला दोन कुकी बायकांची विवस्त्र धिंड काढली. तक्रार मे महिन्यातच पोलिसांत नोंदली गेली होती. व्हिडिओ बाहेर आला १९ जुलैला, आणि पहिली अटक त्याच्या दुसऱ्या दिवशी! त्या दिवशी आईचा फोन आला. रडत होती. त्याआधी आमच्या बोलण्यात मणिपूर एकदाही आलं नव्हतं. त्या हिंसाचारात मैतेई आणि कुकी मिळून दोनशेहून जास्त माणसं मेली, साठेक हजार बेघर झाली. नेटबंदी बेमुदत नसावी, तिचा हुकूम जाहीर करावा, हे सुप्रीम कोर्टाने काश्मीरच्या खटल्यात २०२० मध्येच सांगितलं होतं.

आणि हे सगळं सोलापूरकरांना मी सांगायचं? १९३० च्या मे महिन्यात इंग्रजांनी आपल्या गावावर मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लादला होता. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या चौघांतले कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवायचे. अन्ना, त्याच चौघांच्या चार पुतळ्यांवरून तू रोज दुकानाला जातोस. आपल्या घरात तेलुगू, मागच्या गल्लीत कन्नड, पलीकडे उर्दू, शाळेत मराठी. उद्या आपल्याकडेच काही पेटलं आणि नेट बंद, पेपर गप्प, तर पलीकडच्या गल्लीत काय चाललंय हे तू कुणाच्या तोंडून ऐकशील?