उपयोगी डॉट टीएक्सटी

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात शेजारच्या सीनियरने माझ्या कीबोर्डवर हात फिरवला आणि माझं अर्ध्या दिवसाचं काम एका ओळीत संपवलं. मी विचारलं, "हे काय केलंत?" तो म्हणाला, "अरे, लिहून ठेव कुठेतरी." मी लिहून ठेवलं. ती माझ्या ‘उपयोगी डॉट टीएक्सटी’ या साध्या टेक्स्ट फाईलची पहिली ओळ.

त्यानंतर कुठे चांगली कमांड, म्हणजे संगणकाला टाइप करून द्यायचा हुकूम, दिसली की मी ती उचलून त्या फाईलमध्ये टाकायचो. फाईल गलेलठ्ठ झाली आणि मी आहे तिथेच राहिलो. कारण कमांड लिहून ठेवली की मेंदू म्हणतो, चला, आपली जबाबदारी संपली.

टारचंच घ्या. अनेक फाईलींचं एक गाठोडं बांधणारा आणि सोडणारा हा प्रोग्रॅम युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीपासून आहे, म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठा. नावातला ‘टा’ टेपचा आहे, यावरूनच त्याचा स्वभाव कळावा. एक्स म्हणजे उघड, सी म्हणजे बांध, झेड म्हणजे जीझिप (फाईल दाबून लहान करणारा प्रोग्रॅम), एफ म्हणजे पुढे फाईलचं नाव. चार अक्षरं! तरी दर वेळी हात थबकतो. एकदा घाईत ‘एक्स’च्या जागी ‘सी’ मारलं. म्हणजे गाठोडं सोडायच्या ऐवजी नवं बांध असं सांगितलं, आणि आत काय बांधायचं ते सांगितलंच नाही. टार म्हणाला, रिकामं गाठोडं बांधायला मी भित्रेपणाने नकार देतोय. खोटं वाटेल, पण टारच्या ग्नू नावाच्या आवृत्तीचा एरर मेसेज शब्दशः असाच आहे. त्याच्या भित्रेपणामुळे माझी मूळ फाईल वाचली. मला असे भित्रे प्रोग्रॅम फार आवडतात. दुर्दैवाने सगळेच तसे नसतात.

मधली काही वर्षं ही फाईल मी एका सुंदर नोट्स अ‍ॅपमध्ये ठेवली होती. अ‍ॅपला सौंदर्यदृष्टी होती. त्याने माझी सरळ अवतरणचिन्हं वळणदार केली आणि दोन डॅश जोडून एक लांब, देखणी रेघ ओढली. मग ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या प्रोग्रॅमला अवतरणांत घालून दोन शब्द एकत्र शोधायला सांगितले की तो पहिलाच शब्द शोधायचा आणि दुसऱ्या शब्दाच्या नावाची फाईल सापडत नाही म्हणून तक्रार करायचा. मी तासभर फाईलच्या परवानग्या तपासत बसलो होतो. शेलला, म्हणजे कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, वळणदार अवतरणं कळत नाहीत. त्याच्या लेखी ती साधी अक्षरंच. शेवटी सगळं पुन्हा साध्या टेक्स्टमध्ये आणलं आणि फाईल प्रोजेक्टच्या एका उपफोल्डरमध्ये टाकली. तात्पुरती. प्रोजेक्टच्या फाईलींच्या जुन्या-नव्या प्रती गिट सांभाळतो. इतरांना दिसू नये म्हणून गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या फाईलींच्या यादीत, तिचं नावही लिहिलं. हे लक्षात ठेवा.

तर गेल्या महिन्यात त्याच उपफोल्डरमध्ये टेम्प फाईलींचा उकिरडा झाला होता. हे काम फाईली शोधणाऱ्या फाइंडचं. फाइंड, मग डॉट (म्हणजे याच फोल्डरपासून), मग मायनस नेम आणि नावाचा नमुना, मग मायनस डिलीट. मला माहीत होतं. फाईल उघडून बघायची गरज नाही, असं वाटण्याइतपत माहीत होतं. फक्त डिलीट आधी लिहिलं आणि नेम नंतर.

फाइंड डावीकडून उजवीकडे वाचतो. प्रत्येक फाईल हातात घेऊन तो पहिल्यांदा पहिलं कलम बघतो. पहिलं कलम होतं ‘उडव’. त्याने उडवली. मग दुसरं कलम: नाव जुळतंय का? हा प्रश्न त्याने प्रत्येक फाईलला मरणोत्तर विचारला. स्क्रीनवर काही आलं नाही. युनिक्समध्ये काम फत्ते झालं की शांतता असते.

नशीब, मी प्रोजेक्टच्या मुळाशी नव्हतो, नाहीतर गिट आपल्या सगळ्या प्रती ठेवतो तो डॉट-गिटचा फोल्डरही गेला असता. गिट रिस्टोअर डॉट मारलं आणि सगळा कोड निमूट परत आला. मी खुर्चीत मागे रेललो. मग आठवलं, गिट फक्त त्याच्या ओळखीच्या फाईली परत आणतो. ‘उपयोगी’ची ओळख न ठेवण्याची सूचना मी स्वतःच दिली होती. वर त्या फाईलमध्ये फाइंडखाली मीच ठळक लिहिलं होतं, "डिलीट शेवटी!!" दोन उद्गारचिन्हांसकट. (बॅश या माझ्या शेलमध्ये दोन उद्गारचिन्हं म्हणजे मागचीच कमांड पुन्हा चालव. तेवढं मात्र मी करून बघितलं नाही.)

संध्याकाळी सीनियरला सांगितलं. आता तो दुसऱ्या टीममध्ये आहे. "बॅकअप?" त्याने विचारलं. मी गप्प. "बरं, हिस्टरीत, म्हणजे आधी दिलेल्या कमांडच्या यादीत बघ. ती फाईल उघडून ज्या कमांड वापरल्यास त्या तिथे असतील."

खरंच की! बॅश मुळात शेवटच्या ५०० कमांड लक्षात ठेवतो. त्यांत मी ती फाईल किती वेळा उघडली ते मोजू, म्हणजे तिच्या आसपासच्या ओळी सापडतील. हिस्टरी, पाइप, ग्रेप उपयोगी, पाइप, डब्ल्यूसी मायनस एल. म्हणजे हिस्टरीतून ‘उपयोगी’ असलेल्या ओळी काढ आणि मोज. ही ओळ मला पाठ होती, याचं थोडं कौतुकही वाटलं.

उत्तर आलं: १.

ती एक ओळ कोणती ते बघितलं. मी आत्ताच दिलेली कमांड होती.