‘जस्ट-इन-टाइम मेलं, आता गोदामं भरा’ : या सल्ल्यातलं काय खरं, काय खोटं

जस्ट-इन-टाइम म्हणजे माल साठवून न ठेवता लागेल तसा मागवायची पद्धत. 2020-21 च्या चिप टंचाईपासून उद्योजकांच्या व्हॉट्सॲप गटांत तिच्याविषयी एक मजकूर फिरतोय. ‘जस्ट-इन-टाइममुळेच चिपचा दुष्काळ पडला. टोयोटानेही ती पद्धत सोडली. प्रत्येक पार्टचा तीन महिन्यांचा स्टॉक ठेवा, दोन सप्लायर धरा, मग लाइन बंद पडत नाही.’ यावर विसंबून छोटे कारखानदार खेळतं भांडवल अडकवून बसतात, म्हणून एकेक वाक्य तपासू.

‘जस्ट-इन-टाइममुळेच चिपचा दुष्काळ पडला.’ 2020 च्या लॉकडाउनमध्ये गाड्यांचा खप कोसळला आणि बऱ्याच वाहन कंपन्यांनी चिपच्या ऑर्डरी रद्द केल्या. ती क्षमता लॅपटॉप आणि फोनवाल्यांनी उचलली. वर्षाअखेरीस मागणी परतली तेव्हा वाहनवाले रांगेत मागे होते. वेफर (ज्यावर चिप बनवतात ती सिलिकॉनची चकती) आत गेल्यापासून तपासलेली चिप हाती यायला तीन ते सहा महिने लागतात, तिथे तगादा लावून काही होत नाही. शिवाय गाडीतले मायक्रोकंट्रोलर (छोट्या नियंत्रक चिप) बहुतेक 40 नॅनोमीटर किंवा त्याहून जुन्या तंत्रावर बनतात, आणि तिथे नवी गुंतवणूक करायला कोणी फारसं उत्सुक नव्हतं. स्टॉक कमी असल्याने फटका लवकर बसला, हे मान्य. पण महिन्याभराचा स्टॉक असता तर तोच फटका महिन्याभराने बसला असता. चूक होती ती मागणीच्या अंदाजात आणि ऑर्डर रद्द करण्यात.

‘टोयोटाने ती पद्धत सोडली.’ सोडली नाही, आणि जो बदल केला तो टंचाईच्या दहा वर्षं आधी. 11 मार्च 2011 च्या भूकंपात जपानी चिप कंपनी रेनेसासचा नाका इथला कारखाना बंद पडला. टोयोटाचं उत्पादन पूर्ववत व्हायला सुमारे सहा महिने गेले. त्यानंतर कंपनीने कुठला पार्ट नेमक्या कुठल्या कारखान्यात बनतो याची नोंद सप्लायरच्या सप्लायरपर्यंत नेली आणि चिपचा, लीड टाइमनुसार (ऑर्डर दिल्यापासून माल हाती येईपर्यंतचा काळ), दोन ते सहा महिन्यांचा साठा सप्लायरांकडे ठेवायला लावला. बाकीचा माल पूर्वीसारखाच लागेल तसा येत राहिला. म्हणून 2021 च्या सुरुवातीला इतरांच्या लाइन थांबत असताना तिच्या बऱ्याचशा चालू होत्या. सप्टेंबर 2021 मध्ये मात्र तिलाही जागतिक उत्पादन योजनेपेक्षा सुमारे 40 टक्के घटवावं लागलं, कारण आग्नेय आशियातले पार्टचे कारखाने कोविडमुळे अडखळले होते.

‘प्रत्येक पार्टचा तीन महिन्यांचा स्टॉक.’ सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच. समजा एका पार्टची रोजची गरज 100 नग, तिचं प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा चढउतार) 20. लीड टाइम 30 दिवस, त्याचं विचलन 5 दिवस. 95 टक्के खात्रीसाठी सेफ्टी स्टॉक (चढउतार झेलण्यापुरता जादा साठा) असा काढतात: 30 गुणिले 20 चा वर्ग म्हणजे 12,000, 100 चा वर्ग गुणिले 5 चा वर्ग म्हणजे 2,50,000, बेरजेचं वर्गमूळ साधारण 512, गुणिले 1.65 (95 टक्के खात्रीचा गुणक), म्हणजे 845 नग. तीन महिन्यांचा स्टॉक होतो 9,000 नग!

आता मागणीचं विचलन निम्म्यावर आणा: 845 चे 830 होतात. तेवढीच मेहनत घेऊन लीड टाइमचं विचलन 5 वरून अडीच दिवसांवर आणा: स्टॉक 450 वर येतो. अंदाज सांगणाऱ्या सॉफ्टवेअरवर पैसे घालण्याआधी हे गणित आपल्या आकड्यांवर करून पाहा. ठरल्या दिवशी माल देणारा ट्रान्सपोर्टर अनेकदा जास्त पैसे वाचवतो.

हे सूत्र रोजच्या चढउतारासाठी आहे. आग, पूर, निर्यातबंदी यांना ते लागू पडत नाही. त्यासाठी एमआयटीचे डेव्हिड सिमची-लेव्ही यांनी मांडलेले आणि फोर्डमध्ये वापरले गेलेले दोन आकडे घ्या: सप्लायर बंद पडला तर सावरायला किती आठवडे, आणि त्याच्याविना आपली लाइन किती आठवडे तग धरते. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल त्याच पार्टचा जादा साठा करा. असा पार्ट अनेकदा स्वस्त असतो आणि किमतीवर आधारलेल्या एबीसी वर्गवारीत ‘सी’मध्ये, म्हणजे सगळ्यात कमी लक्ष दिल्या जाणाऱ्या गटात, पडून राहतो. 1 फेब्रुवारी 1997 रोजी टोयोटाचा सप्लायर असलेल्या आयसिनच्या कारिया कारखान्याला आग लागली आणि ब्रेकमधल्या काही डॉलरच्या पी-व्हॉल्व्हपायी टोयोटाचे जपानमधले जवळजवळ सगळे कारखाने थांबले. पी-व्हॉल्व्हचा स्टॉक होता काही तासांचा.

‘दोन सप्लायर धरले की झालं.’ दोघंही एकाच ठिकाणाहून माल घेत असतील तर काय? 2011 च्या त्याच भूकंपानंतर फोर्डला काळ्या आणि लाल रंगाच्या काही छटांच्या ऑर्डरी थांबवाव्या लागल्या, कारण त्यातलं झिरॅलिक रंगद्रव्य जगात एकाच ठिकाणी बनत होतं, मर्क या रसायन कंपनीच्या जपानमधल्या ओनाहामा इथल्या कारखान्यात. म्हणून सप्लायरच्या फॉर्मवर कंपनीचं नाव पुरेसं नाही. कारखान्याचा पत्ता, साचा किंवा डाय कुठे आहे, आणि कच्चा माल कोणाकडून येतो, हे तिन्ही लिहून घ्या.

ताजं उदाहरण पुण्याचं. 4 एप्रिल 2025 ला चीनने सात दुर्मिळ मृदा (रेअर अर्थ) मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात परवान्याची अट घातली, आणि बजाज ऑटोला चेतक या इलेक्ट्रिक स्कूटरचं उत्पादन घटवावं लागलं. मोटर तापली तरी चुंबकत्व टिकावं म्हणून चुंबकात यांतलंच डिस्प्रोसियम घालतात, आणि ते बहुतांशी चीनमधूनच येतं. इथे दुसरा सप्लायर धरला तरी माल तिथलाच. खरा पर्याय डिस्प्रोसियमसारखी जड दुर्मिळ मृदा न लागणारं चुंबक किंवा फेराइटची (लोहाच्या ऑक्साइडपासून बनलेल्या चुंबकाची) मोटर. फेराइट चुंबक कमजोर असल्याने तेवढ्याच ताकदीसाठी मोटर मोठी आणि जड होते, कंट्रोलर नव्याने जुळवावा लागतो, चाचण्या पुन्हा कराव्या लागतात. या कामाला महिने लागतात, त्यामुळे ते माल मिळत असतानाच सुरू करावं लागतं.