‘तीन महिने गोळ्या घेऊनही नख पिवळंच’ : तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय सावकाश, पूर्ण वाचला. तुम्ही राग न लपवता लिहिलंत हे बरं केलंत, कारण याच शंका मनात ठेवून कितीतरी जण काही न बोलता उपचार अर्ध्यावर सोडतात. तुमच्या केसपेपरमधलं काहीही मी इथे लिहिणार नाही. तुम्ही स्वतः ज्या तक्रारी मांडल्यात तेवढ्यावरच बोलते: तीन महिने गोळ्या घेऊनही अंगठ्याचं नख पिवळंच राहिलं, त्याआधी तपासणीत तीन आठवडे घालवले, यंत्र असूनही लेझर केलं नाही, आणि जांघेतल्या नायट्याला दोन दिवसांत आराम देणारं मलम बंद करायला लावलं.

आधी नखाचं सांगते, कारण तुमचा सगळ्यात जास्त राग तिथेच आहे. नखाचा डोळ्यांना दिसणारा भाग जिवंत नसतो. बुरशीने तो एकदा पिवळा, जाड आणि भुसभुशीत केला की जगातलं कुठलंही औषध तेवढा भाग पुन्हा गुलाबी करत नाही. औषध बुरशी मारतं. खराब झालेलं नख मात्र मुळाकडून येणाऱ्या नव्या नखामुळे पुढे सरकत जातं आणि शेवटी कापलं जातं. रंगवलेले केस मुळाशी मूळ रंगाने वाढायला लागतात, तसंच हे. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं जेमतेम दीड. म्हणून पायाच्या अंगठ्याचं पूर्ण नख बदलायला १२ ते १८ महिने जातात. वय जास्त असेल किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर त्याहूनही जास्त.

टर्बिनाफिन या बुरशी मारणाऱ्या औषधाच्या २५० मिलिग्रॅमच्या गोळ्या पायाच्या नखांसाठी रोज एक याप्रमाणे १२ आठवडे देतात, हाताच्या नखांसाठी ६ आठवडे. गोळ्या संपल्या तरी औषध नखात पुढे कित्येक आठवडे टिकून असतं. त्यामुळे कोर्स संपणं आणि नख स्वच्छ दिसणं यांत बरेच महिन्यांचं अंतर पडतं. तिसऱ्या महिन्याला नखाचं टोक पाहून औषध लागू पडलं की नाही हे ठरवता येत नाही.

ठरवायचं असेल तर नखाच्या मुळाशी पाहा. नव्या नखाची स्वच्छ पट्टी तिथे दिसते का? चांगलं नख जिथे संपतं आणि पिवळेपणा सुरू होतो, नेमक्या त्या सीमेवर आम्ही कानशीने एक बारीक आडवी खाच करून ठेवतो. पुढच्या भेटींत खाच टोकाकडे सरकलेली दिसली आणि पिवळेपणा तिच्या पुढेच राहिला, तर औषध काम करतंय. पिवळेपणा खाच ओलांडून मुळाकडे आला असेल तर करत नाही, मग थांबण्यात अर्थ नाही. पुन्हा नमुना घ्यायचा आणि उपचार बदलायचा. फोनवर तुम्हाला ‘वाट पाहा’ एवढंच सांगितलं असं तुम्ही लिहिलंय. पाहायचं ते हे.

आणि यश शंभर टक्के नसतं, हे मी गोळ्या सुरू करण्याआधी सांगते, इथेही सांगते. पायाच्या नखांवर टर्बिनाफिनच्या ज्या चाचण्यांवर त्याची मान्यता उभी आहे, त्यांत ४८ आठवड्यांनी साधारण ७० टक्के लोकांच्या नखात बुरशी सापडली नाही. पण बुरशीही नाही आणि नखही पूर्ण स्वच्छ, असे ३८ टक्केच होते. एवढं असूनही नखाच्या बुरशीवर पहिली पसंती याच औषधाला आहे.

आता तपासणीचं. बिघडलेली, रंग बदललेली नखं घेऊन येणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांनाच बुरशी असते. उरलेल्यांत सोरायसिस असतो, लायकेन प्लेनस हा त्वचेचा आणि नखांचा दाहाचा आजार असतो, घट्ट बुटांचा सततचा मार असतो. नखात एकच काळपट उभी रेघ उमटून रुंद होत असेल तर क्वचित तो मेलानोमा, म्हणजे कर्करोगही असू शकतो. नुसतं पाहून यातलं सगळं ओळखता येतं असं मला माझ्या अनुभवाच्या जोरावरही म्हणवत नाही. म्हणून नखाचा सुटलेला भाग कापून, चांगल्या नखाच्या जितकं जवळ जाता येईल तितकं आत जाऊन खालचा पांढरा भुसा खरवडून घेतो. टोकाकडच्या भुशात बुरशी बहुतेक वेळा मेलेली असते, आणि रिपोर्ट खोटाच निगेटिव्ह येतो. काचपट्टीवर केओएचचा, म्हणजे भुसा विरघळवणाऱ्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे त्याच दिवशी दिसू शकतात. कल्चरला, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहायला, मात्र तीन-चार आठवडे लागतातच, ती वाढायला तेवढा वेळ घेते. वर्षानुवर्षं असलेल्या नखाचं तीन आठवड्यांत काही बिघडत नाही. सोरायसिसच्या नखाला १२ आठवडे बुरशीच्या गोळ्या दिल्या तर मात्र ते सगळे दिवस खरोखर वाया जातात.

लिव्हरच्या रक्ततपासणीला तुम्ही ‘उगाच’ म्हटलंय. या गोळ्यांनी यकृताला इजा होणं दुर्मीळ आहे, पण होते तेव्हा गंभीर असू शकते, म्हणून आधी पाहून घेतो. गोळ्या चालू असताना जेवणाची चव गेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर गोळी थांबवून लगेच यायचं. इट्राकोनाझोल हे दुसरं औषध हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला नखासाठी देतच नाहीत, आणि सिमव्हास्टॅटिनसारख्या कोलेस्टेरॉलच्या गोळीबरोबर ते चालत नाही. बाकी कुठल्या गोळ्या चालू आहेत हे आम्ही खोदून खोदून विचारतो ते यासाठी.

लेझरबद्दल माझं मत ठाम आहे. अमेरिकेच्या औषध नियामकाने या यंत्रांना मान्यता दिलीय ती ‘स्वच्छ नखात तात्पुरती वाढ’ एवढ्यापुरती. बुरशी बरी होते असा त्याचा अर्थ नाही. यंत्र दवाखान्यात आहे म्हणून ते प्रत्येक नखावर फिरवावं हे मला पटत नाही. लावायच्या औषधांचं म्हणाल तर सायक्लोपिरॉक्सचा ८ टक्क्यांचा लॅकर (नेलपॉलिशसारखं लावायचं औषध) रोज लावून ४८ आठवड्यांनी पूर्ण बरं होणाऱ्यांचं प्रमाण १० टक्क्यांच्या आत होतं; एफिनाकोनाझोलचं १५ ते १८ टक्के. तरीही एखाद-दुसरंच नख असेल, मुळापर्यंत बुरशी गेलेली नसेल, किंवा गरोदरपण, यकृताचा आजार यामुळे गोळ्या देता येत नसतील, तर मी हीच औषधं देते.

मलमाचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुम्ही नाव लिहिलेल्या मलमात बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासोल हे फार तीव्र स्टेरॉइड आहे. खाज आणि लाली दोन दिवसांत जाते ती त्याच्यामुळे. त्वचेचा प्रतिकार दबतो आणि बुरशी आतल्या आत पसरत राहते. नायट्याची ठळक कड पुसट होते, चट्टे ओळखू येईनासे होतात, आणि मलम थांबवलं की दुपटीने उसळतात. ते उसळणं तुम्ही सोसलंय, त्रास किती झाला असेल याची मला पूर्ण कल्पना आहे. पण जांघेत असं मलम लावत राहिलं तर त्वचा पातळ होऊन ताणाचे पट्टे उठतात, आणि ते पुन्हा जात नाहीत. स्टेरॉइड वाईट असतं असं माझं म्हणणं नाही. इसब आणि सोरायसिसला मी स्वतः ते लिहून देते. नायट्यावर नको. तिथे नुसतं बुरशीचं मलम, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत, आणि डाग गेल्यावरही सांगितलेले दिवस पूर्ण होईपर्यंत. चट्टे खूप पसरलेले असतील तर पोटातून गोळ्या.

नखाचा आणि नायट्याचा संबंधही बहुतेक वेळा असतो. बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्यांमधून बुरशी नखात शिरते, नखात तळ ठोकून बसते, आणि पाय पुसलेल्या टॉवेलने जांघेत पोचते. म्हणून पायाचा टॉवेल वेगळा, बेचके कोरडे, मोजे रोज धुतलेले. घरात आणखी कुणाला खाज असेल तर त्यांचेही उपचार सोबतच व्हायला हवेत.

तुम्ही परत एकदा दाखवायला यावं अशी माझी मनापासून विनंती आहे. मुळाशी स्वच्छ पट्टी वाढत असेल तर तुमच्यासमोर मोजून दाखवेन; नसेल तर त्याच दिवशी नवा नमुना घेऊ. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असेल तर सगळे रिपोर्ट मागून घ्या, ते तुमचेच आहेत. येताना नखाला पॉलिश किंवा लॅकर लावू नका, नख अगदी बारीक कापून येऊ नका, आणि सध्या लावत असलेली सगळी मलमं सोबत आणा.